सव्वातीन वर्षं आणि एक घर: दापोलीच्या किनाऱ्यावरच्या एका विक्रीचं प्रकरण

दापोली तालुक्यातलं आमचं घर विकायचं २०१६ च्या गणपतीत ठरलं आणि ते विकलं गेलं जानेवारी २०२० मध्ये. हिशेब पाच वाटेकऱ्यांना द्यायचा होता, म्हणून मधल्या काळातलं सगळं मी एका वहीत लिहीत गेले. त्या वहीवरून हे लिहिते आहे. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, आकडे वहीतले आहेत. ज्यांची कोकणातली घरं कुलूप लावून पडली आहेत आणि ज्यांच्याकडे दर गणपतीत 'काय करायचं?' हा विषय निघून तसाच राहतो, त्यांच्या हे उपयोगी पडावं असं मनापासून वाटतं.

आधी घर कसं होतं ते सांगते. रस्त्यापासून समुद्राकडे लांबट गेलेली २६ गुंठे जागा. रस्त्याला बेडं म्हणजे फाटक, मग खळं म्हणजे अंगण, तुळस, घर. घरामागे विहीर, विहिरीपलीकडे नारळ-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला गडगा म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्यापलीकडे केवडा, सुरू, पुळण. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या. वर मंगळुरी कौलं. ओटी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, मागची पडवी. आजी २०११ ला गेली. त्यानंतर थोरली काकू एकटी राहिली. २०१५ ला तिचे गुडघे गेले, ती लेकीकडे पुण्याला आली आणि घर बंद झालं.

दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात नांदतं घर टिकतं, कारण चूल पेटते, दारं-खिडक्या उघडतात, एखादं कौल सरकलं तर त्याच रात्री थेंब अंगावर पडतो आणि सकाळी कुणीतरी शिडी लावतं. बंद घरात तोच थेंब चार महिने एका वाशावर पडत राहतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर आम्ही दार उघडलं तेव्हा माजघरातल्या कपाटामागे वाळवीची वाट छतापर्यंत गेली होती.

वाटेकरी असे: आजोबा १९८३ ला वारले. त्यांना तीन मुलगे, दोन मुली. थोरले काका हयात नाहीत, त्यांच्या जागी काकू, कुवेतला असलेला चुलतभाऊ आणि चुलतबहीण. दुसरे माझे बाबा. धाकटे काका ठाण्याला. थोरली आत्या चिपळूणला, धाकटी नाशिकला.

८२ लाखांचा आकडा

त्या गणपतीत ओटीवर बसून घर विकायचं ठरलं. दिवाळीच्या आधी ओळखीतल्या एका व्यापाऱ्याने तोंडी सांगितलं, ८२ लाख देतो, त्यातले निम्मे रोख. आम्ही 'विचार करून सांगतो' म्हणालो. ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटबंदी जाहीर झाली. त्या माणसाचा फोन परत आला नाही.

आम्हाला पुढे सगळ्यात जास्त नडलं ते हे. व्यवहार कधी झालाच नव्हता. इसार नाही, कागद नाही, चेक नाही. तरी ८२ हा आकडा घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात जाऊन बसला. त्याच्या खाली काहीही आलं की 'तेव्हा ८२ मिळत होते' हे वाक्य यायचं. वर भाव करायला जागा असावी म्हणून २०१७ च्या फेब्रुवारीत आम्ही १ कोटी १० लाख सांगायला सुरुवात केली. तोपर्यंत बाजार थंडावला होता. किनाऱ्यावरच्या जमिनीत रोखीचा भाग मोठा असायचा, तो एकदम आटला. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक 'थांबू या' म्हणत होतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू होतं, त्यामुळे येणाऱ्याला प्रवासातच कंटाळा यायचा. आम्ही मात्र न झालेल्या व्यवहाराचा भाव धरून बसलो होतो.

दुसरी चूक एजंटांची. त्यांची म्हणजे खरं तर आमचीच. जो येईल त्याला हो म्हटलं. सहा जणांकडे घर दिलं, सहा जणांनी सहा किमती सांगितल्या. एकाच घराचे तेच फोटो ९५ लाख, १ कोटी १०, १ कोटी २५ अशा भावांनी फिरायला लागले. बघणाऱ्याला वाटणार काय? एक तर यांच्यात भांडण आहे, नाही तर यांना घाई झाली आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही पाच जणांना नम्रपणे नाही सांगितलं आणि दापोलीतल्या एकाच मध्यस्थाला सहा महिन्यांसाठी काम दिलं. किंमत एकच, ९५ लाख. सहा महिने झाले की मुदत वाढवत गेलो.

रंग

गिऱ्हाईक येणार म्हणून आम्ही घराला रंग दिला. हे लिहितानाही वाईट वाटतं.

पुण्यात फ्लॅट विकताना जे करतात तेच केलं. जुना चुना खरवडला, आतून पुट्टी लावली, वर प्लॅस्टिक पेंट, बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि रंग. ९५ हजार रुपये. मागच्या पडवीतली शेणाने सारवलेली जमीन काढून चकचकीत फरशी बसवली, ७० हजार. मे २०१७ मध्ये घर फोटोत फार छान दिसत होतं. ऑक्टोबरमध्ये गेलो तर भिंतींना ढोपरभर उंचीपर्यंत पोपडे आले होते, फरशीच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पायातून ओल भिंतीत चढते आणि दिवाळीनंतर हळूहळू बाहेर पडते. चुन्याचा लेप तिला वाट देतो. पुट्टी, प्लॅस्टिक पेंट आणि सिमेंट ती वाट बंद करतात. मग ओल आतच राहते आणि रंगाला ढकलून बाहेर येते. गावातल्या गवंड्याने आम्हाला हे आधीच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही. ज्याने त्या भिंती तीस वर्षं डागडुजी करून उभ्या ठेवल्या होत्या, त्याच्यापेक्षा पुण्याच्या दुकानातल्या रंगाच्या पत्रकावर आमचा जास्त विश्वास होता.

वर, गिऱ्हाइकाने रंग पाहिलाच नाही. वहीत नोंद आहे: मे २०१८ पर्यंत १७ जण घर बघून गेले. तीन जण दुसऱ्यांदा आले. जवळजवळ प्रत्येकाने तीन गोष्टी विचारल्या. विहिरीचं पाणी मे महिन्यात गोडं राहतं का? सातबारा कुणाच्या नावावर आहे? समुद्र एवढा जवळ आहे, तर मागे काही बांधता येईल का? आमच्याकडे तिन्हींना धड उत्तर नव्हतं. 'राहतं बहुतेक', 'सगळे घरचेच आहेत', 'बघावं लागेल'. बाजार तेजीत असता तर त्या सतरांतल्या कुणी एकाने अशा उत्तरांवरही घर घेतलं असतं. मंदीत महिन्याला जेमतेम एक माणूस येतो आणि तो शंका घेऊन गेला की पुन्हा येत नाही. घर विकायला काढणं म्हणजे शंका काढणं आहे, हे आम्हाला उमगायला पावणेदोन वर्षं लागली.

वकिलाचा कागद

उमगलं तेही एका जोडप्याच्या वकिलामुळे. पुण्याचं जोडपं होतं, घर त्यांना खरोखर आवडलं होतं. त्यांच्या वकिलांनी एक पान भरून प्रश्न पाठवले आणि आमची उत्तरं आल्यावर त्यांना 'घेऊ नका' असा सल्ला दिला. तेव्हा फार राग आला. पण तो कागद मी वहीत चिकटवला आणि पुढचं सगळं काम त्या कागदाच्या क्रमाने केलं.

पहिला प्रश्न: घेणारा शेतकरी आहे का? आमचं घर गावठाणात नव्हतं. कोकणात हे सर्रास आहे, घर असतं पण जमीन सातबाऱ्यावर शेतीची असते. कुळकायद्याच्या, म्हणजे १९४८ च्या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. आमचे सतरांतले निदान सहा जण या एका कारणाने घेऊच शकले नसते. आम्ही त्यांच्यासाठी दर वेळी पुण्याहून गाडी काढून गेलो होतो. त्यानंतर फोनवरचा पहिला प्रश्न ठरून गेला: 'तुमच्या नावावर महाराष्ट्रात कुठे सातबारा आहे का?' समोरच्याला तो आगाऊ वाटेल अशी भीती होती. उलट लोकांना बरं वाटायचं, यांना माहिती आहे म्हणून.

दुसरा: सातबाऱ्याच्या इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा आहे, तो कसला? आजोबांनी सत्तरच्या दशकात पंपासाठी कर्ज घेतलं होतं, ते फेडूनही झालं होतं. बोजा कमी केल्याची नोंद मात्र कुणी करून घेतली नव्हती. कर्ज फिटल्याचा सोसायटीचा बेबाकी दाखला, तलाठ्यांकडे अर्ज, फेरफार. दीड महिन्यात काम झालं. चाळीस वर्षं ती ओळ तशीच बसून होती.

तिसरा मोजणीचा. ती करून घेतली तेव्हा उत्तरेचा गडगा शेजाऱ्यांनी कधीतरी आमच्या हद्दीत दोन-तीन फूट सरकवून बांधल्याचं दिसलं. एकूण पाऊण गुंठा. धाकट्या काकांचं म्हणणं होतं, सोडायचं नाही. मी विरोधात होते. दावा लावला तर पाऊण गुंठ्यासाठी २६ गुंठे अडकले असते. शेवटी ताब्यात आहे तेवढंच विकायचं ठरलं आणि नकाशा जसाच्या तसा गिऱ्हाइकाला दाखवायचा. त्याच शेजाऱ्यांची आगरात जायची वाट आमच्या विहिरीजवळून जाते. ती वहिवाट आम्ही लेखी कबूल केली. त्यांनीही हद्दीबद्दल तक्रार नाही असं लिहून दिलं. पुढे घेणाऱ्याने शेजाऱ्यांना भेटायचं म्हटलं तेव्हा त्याच शेजाऱ्यांनी त्याला चहा दिला आणि घराबद्दल चार चांगले शब्द सांगितले.

चौथा सीआरझेडचा, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा. त्याबद्दल पुढे.

आणि पाचवा: १९८३ च्या वारस फेरफारात मुलींची नावं का नाहीत?

आत्या

आजोबांच्या मागे आजीचं आणि तीन मुलग्यांची नावं लागली होती. दोन्ही आत्यांची नव्हती. त्या काळी असंच व्हायचं, कुणाच्या मनात पाप नव्हतं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. उपायही सोपा वाटला. सख्ख्या भावंडांत वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडपत्राला तेव्हा २०० रुपयांचा मुद्रांक पुरायचा. दोन्ही आत्यांच्या सह्या घ्यायच्या, झालं. नाशिकची आत्या फोनवरच 'पाठवा कागद' म्हणाली.

जुलै २०१८ मध्ये बाबा आणि मी चिपळूणला गेलो. आत्याने जेवायला वाढलं, ताकाची कढी केली होती. जेवणं होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सही मागायला आलास ना?"

बाबा गप्प.

"गणपतीत ओटीवर बसून ठरवलंत. मी आत मोदक वळत होते. दहा पावलं अंतर नव्हतं रे. माझा वाटा मला नकोच होता. पण घर विकतोय, अक्का, एवढं येऊन सांगायला काय झालं होतं? आता सही नाही देणार मी."

बाबा सत्तरीचे, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "चुकलं अक्का," एवढंच त्यांना बोलता आलं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी हिशेब करत बसले होते, आत्याची सही नसेल तर वाटपाचा दावा, किती वर्षं, किती खर्च. बाबा म्हणाले, "दावा नाही. तिचं नाव लागलं पाहिजे, आणि वाटा बरोबरीचा." कायद्याने तसाही तो होताच, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून. पण बाबांनी ते कायद्यासाठी म्हटलं नव्हतं. सगळ्या वाटेकऱ्यांनी संमतीचे जबाब दिले, दोन्ही आत्यांची नावं सातबाऱ्यावर लागली, रकमेचे पाच समान भाग होतील असं कागदावर लिहिलं. तो सातबारा घेऊन बाबा एकटेच पुन्हा चिपळूणला गेले. आत्याने तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग तिने एकच मागितलं. विकण्याआधी एक मे महिना तिला त्या घरात राहायचं होतं.

हे मी एवढं लांबवून लिहिते आहे कारण कोकणातली कितीतरी घरं याच ठिकाणी अडून आहेत. कागदावर ती 'वारसांचा वाद' म्हणून दिसतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वाद पैशाचा नसतो, विचारलं नाही याचा असतो, आणि ते दुखणं मुद्रांकाच्या कागदाने भरून येत नाही.

कुवेतच्या भावाचं कुलमुखत्यारपत्र हा त्यामानाने किरकोळ भाग. तिथल्या भारतीय दूतावासात सही, इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. तो मात्र अनिवासी, त्यामुळे त्याच्या हिश्शावर घेणाऱ्याने कापायच्या कराचा नियम वेगळा पडतो. सीएला आधी विचारलं म्हणून शेवटच्या दिवशी खोळंबा झाला नाही.

५० मीटरची गोष्ट

१८ जानेवारी २०१९ ला सीआरझेडची नवी अधिसूचना निघाली. आठवड्याभरात आमच्या मध्यस्थाचा फोन: "ताई, आता २०० मीटरचं ५० मीटर झालं. जाहिरातीत टाकू. मागे रिसॉर्ट होईल म्हटलं तर एक कोटीही मिळतील."

मी अधिसूचना वाचून काढली. ५० मीटरची सवलत दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागाला होती, जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं आहेत. आमच्या गावात एवढी माणसं गणपतीतसुद्धा नसतात. म्हणजे आम्हाला भरतीरेषेपासून २०० मीटर तसेच. शिवाय नवे किनारा व्यवस्थापन नकाशे मंजूर होईपर्यंत जुन्या, २०११ च्या अधिसूचनेचाच अंमल होता. त्या पट्ट्यात नवं बांधकाम नाही. पण पूर्वीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, आहे त्याच जोत्यावर आणि आहे तेवढ्याच क्षेत्रात, करता येते.

आम्ही जाहिरातीत ५० मीटर टाकलं नाही. त्याऐवजी ग्रामपंचायतीतून घरपट्टीचे जुने आकारणी उतारे काढले. सीआरझेडची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची. आमचं घर त्याच्या कितीतरी आधीपासून आकारणीत होतं. ते उतारे फाइलमध्ये लावले आणि येणाऱ्याला सरळ सांगायला लागलो: मागे काही बांधता येणार नाही, हे घर मात्र कायम राहील. रिसॉर्टवाले गेले. आता येणारी माणसं कमी झाली, पण ती घरासाठी येत होती.

दुसऱ्यांदा घर उभं करणं

नोव्हेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या कोरड्या दिवसांत खरी कामं केली. आधी छप्पर. सगळी कौलं उतरवली, वाळवीने खाल्लेले वासे आणि रिपा बदलल्या, किंजळीचं लाकूड वापरलं, धड कौलं घासून परत चढवली आणि उरलेल्या जागी एका पाडलेल्या घराची जुनी कौलं आणली. २ लाख ८५ हजार. वायरिंग ३८ हजार. विहिरीचा गाळ उपसून नवा पंप ४२ हजार. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, आहे त्याच जोत्यावर, संडास-न्हाणीघर बांधलं, १ लाख २० हजार. शहरातून येणाऱ्या बाईला रात्री बॅटरी घेऊन खळ्यापलीकडे जायचं नसतं, आणि घर घ्यायचं की नाही हे बहुतेक वेळा ती ठरवते.

मग त्याच गवंड्याला बोलावून भिंतींची पुट्टी खरवडली, सिमेंटचा गिलावा जिथे फुगला होता तिथे काढला आणि चुना दिला. २२ हजार. एकूण ५ लाख ७ हजार. २०१७ च्या रंग-फरशीचे १ लाख ६५ हजार यात धरलेले नाहीत, ते वाया गेले.

विहिरीचं पाणी दोनदा तपासलं, जानेवारीत आणि एप्रिलच्या शेवटी. एप्रिलचं थोडं मचूळ निघालं, पण पिण्याच्या मर्यादेत. धाकटे काका म्हणाले, जानेवारीचाच अहवाल दाखवू. आम्ही दोन्ही फाइलमध्ये लावले.

भाव

किंमत ठरवायला या वेळी चौकातल्या गप्पा नकोत असं ठरवलं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या मागच्या दोन वर्षांतल्या खरेदीखतांचे सूची क्रमांक २, म्हणजे व्यवहाराची रक्कम लिहिलेले उतारे, शोधले. आमच्यासारख्या किनाऱ्याच्या आगरांचे चार व्यवहार सापडले. गुंठ्याला १ लाख ८० हजार ते २ लाख ६० हजार. दस्तातली रक्कम आणि खरी रक्कम यांत तफावत असू शकते हे मान्य. पण आम्हाला रोख घ्यायची नव्हती, त्यामुळे दस्तातली रक्कम हीच आमची खरी रक्कम. म्हणजे ४७ ते ६८ लाख. ८२ कुठेच नव्हते.

बाबांना आणि काकांना हे पटायला दुसरा हिशेब लागला, थांबण्याचा. आगर बघणाऱ्या दादांचे वर्षाला ४८ हजार, घरपट्टी-वीज ६ हजार, कौलं परतणं २५ हजार, गवत-साफसफाई १५ हजार, आमचं जाणं-येणं ३० हजार. एकूण १ लाख २४ हजार. नारळ-सुपारीचे ५५ हजार वजा केले तर ६९ हजार. आणि ७० लाख हातात असते तर साडेसहा टक्क्यांनी बँकेतलं व्याज ४ लाख ५५ हजार. म्हणजे एक वर्ष थांबण्याची किंमत सव्वापाच लाख. दोन वर्षं थांबून कुणी ७८ लाख दिले असते तरी आज मिळणाऱ्या ६८ च्या वर काही उरलं नसतं. हा कागद मी सगळ्यांना पाठवला. दोन दिवसांनी धाकट्या काकांचा फोन आला, "७५ सांगू, ६५ च्या खाली नको."

मे २०१९

आत्या एप्रिलच्या मध्याला राहायला आली, बरोबर धाकटी आत्याही. दोघी बहिणी कितीतरी वर्षांनी त्या घरात एकत्र राहिल्या. खळं सारवलं, तुळशीपुढे दिवा लागला, मागच्या पडवीत रातांबे फोडून आमसुलं वाळत घातली, पत्र्यावर आंब्याची साठं. दारं दिवसभर उघडी. चार वर्षं बंद असलेल्या घराचा कुबट वास पंधरा दिवसांत गेला.

कराडकडचं जोडपं मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान, यजमानांच्या नावावर उसाची जमीन. आत्याने त्यांना आधी पाणी दिलं, मग कोकम सरबत, मग घर दाखवलं. कुठल्या खोलीत कोण जन्मलं, शिमग्याला पालखी कुठे उतरते, नैऋत्येचा पाऊस कुठल्या खिडकीतून आत येतो आणि तिथे झापं कशी बांधायची. पावसाबद्दल बोलू नकोस असं तिला आधी सुचवलं होतं मी. तिने ऐकलं नाही, आणि बरं झालं. त्या बाईंनी नंतर मला सांगितलं, त्या खिडकीबद्दल खरं सांगितलं म्हणून बाकीचंही खरं असेल असं वाटलं.

जुलैत ते दोघे न सांगता पुन्हा आले, ऐन पावसात. आगरवाल्या दादांनी दार उघडलं. दोन तास भिंतींना हात लावून बघत होते म्हणे. छप्पर गळलं नाही. मग त्यांच्या वकिलांना फाइल गेली. प्रश्न आले, चारच, आणि चारांचीही उत्तरं फाइलमध्येच होती. जाहीर नोटिशीवर हरकत आली नाही. ६८ लाखांवर ठरलं, सगळं बँकेतून. सप्टेंबरमध्ये साठेखत, ७ लाख इसार. जानेवारीत दापोलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत.

कराचं थोडक्यात. दस्तात घर-घरठाणाचे ३१ लाख आणि आगराचे ३७ लाख असे भाग वेगळे दाखवले, मूल्यांकनकाराच्या अहवालाप्रमाणे. आगर नगरपंचायतीपासून लांबच्या ग्रामीण भागातली शेतजमीन, तिच्यावर भांडवली नफा लागत नाही. घराची १ एप्रिल २००१ ची किंमत अहवालात ९ लाख होती, २०१९-२० चा महागाई निर्देशांक २८९, म्हणून २६ लाख धरली गेली. नफा ५ लाख, पाच वाट्यांत. हे तेव्हाचे नियम. २३ जुलै २०२४ पासून निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के असा दर आला आहे, जुन्या जमीन-घरांना रहिवासी व्यक्तींसाठी निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय ठेवून. आता विकणाऱ्याने दोन्ही हिशेब करून बघावेत.

दस्ताच्या आदल्या दिवशी देव हलवले. ते आत्याकडे गेले, चिपळूणला, सगळ्यांनी एकमताने दिले. कराडच्या बाईंनी विचारलं, पालखी आली तर आम्ही काय करायचं? आत्याने त्यांना कागदावर लिहून दिलं: खळं सारवायचं, रांगोळी, ओटीचं सामान, नारळ, आणि पालखी नाचवणाऱ्या पोरांना सरबत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, सगळा किनारा झोडपून निघाला. फोन लागत नव्हते, वीज तर कितीतरी दिवस नव्हती. आमचा आता काही संबंध नव्हता, तरी बाबा रात्री उठून बसायचे. तेराव्या दिवशी कराडच्या बाईंचा फोन आला. त्या दोघं टाळेबंदीपासून तिथेच अडकले होते. आगरातले १९ माड आडवे झाले, पोफळी तर मोजल्याच नाहीत म्हणाल्या. घराची पश्चिमेची कौलं उडाली, वासे मात्र जागेवर आहेत. त्यांना आमच्या सुताराचा आणि गवंड्याचा नंबर हवा होता. बाबांनी नंबर सांगितला, मग फोन माझ्याकडे देण्याआधी विचारलं, "आणि चुना ना? रंग नका लावू हो."